राक्षस कोणाच्या गावात राहतो?

एखाद्या मालिकेत खलनायक पहिल्या पाच मिनिटांत ओळखू आला, की माझा अर्धा रस तिथेच संपतो. काळा झगा, लाल डोळे, गडगडाटी हसू. आता हिरो मार खाणार, मग ओरडणार, मग त्याच्या अंगातून उजेड बाहेर पडणार आणि तो जिंकणार. बघायला मजा येते, मीही बघतो. पण फोन चार्जिंगला लावला की त्यातलं काही डोक्यात उरत नाही.

उरतात त्या गोष्टी वेगळ्या असतात. त्या ओळखायला माझ्याकडे दोन प्रश्न आहेत. ताकद मिळाली, तर तिची किंमत कोणी मोजली? आणि जो शत्रू आहे, तो त्याच्या घरी कोण आहे?

पहिल्या प्रश्नावर सगळ्यात आधी गळतात त्या इसेकाई मालिका. ठरलेला साचा आहे: कंटाळलेला मुलगा रस्ता ओलांडतो, ट्रक उडवतो, डोळे उघडतो तर जादूच्या जगात, सगळ्या शक्तींसकट. मी शहापूरचा. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारा महामार्ग आमच्याकडून जातो आणि रात्रभर ट्रक धावत असतात. ट्रकखाली आलेला माणूस कुठल्या जगात जातो ते मला सांगता येणार नाही, पण मागे राहिलेल्या घराचं काय होतं हे हायवेवरच्या प्रत्येक गावाला ठाऊक असतं. त्या सीनवर मित्र हसतात तेव्हा मला हसू येत नाही. पोरगा मेला, हे बहुतेक वेळा कथेलाच आठवत नाही. त्याची आई पुन्हा दिसत नाही.

याउलट हिरोमु अराकावाची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ घ्या. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात. एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं अख्खं शरीर. धाकट्याचा जीव तरी राहावा म्हणून थोरला आपला हातही देऊन टाकतो. जेवढं घ्यायचं तेवढंच द्यायचं, हा तिथल्या किमयेचा नियम, आणि शेवटपर्यंत तो कोणाला सूट देत नाही. आपल्या ‘छोटा भीम’मध्ये मात्र लाडू खाल्ला की ताकद येते. किंमत मोजते ती फक्त टुनटुन मौसी.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. त्यावरून माझं मित्रांशी सगळ्यात मोठं भांडण झालं ते गॅबीवरून. (‘अटॅक ऑन टायटन’ बघायची राहिली असेल तर हा परिच्छेद सोडा.) २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं चाललेल्या या मालिकेत आधी भिंतीबाहेरचे टायटन म्हणजे शुद्ध राक्षस वाटतात. मग कळतं की ती माणसंच होती. मग समुद्रापलीकडचं गाव दिसतं, तिथली पोरं दिसतात, आणि त्यांच्या पुस्तकांत आपले हिरो राक्षस आहेत. गॅबी त्या गावातली. ती साशाला मारते आणि अख्खा फॅनवर्ग तिला शिव्या घालतो. मला ती आवडते. डोळ्यांदेखत गाव उद्ध्वस्त झालं म्हणून चवताळलेलं पोर, म्हणजे पहिल्या सीझनचा एरेनच की. एरेनसाठी टाळ्या आणि गॅबीला शिव्या, याचा अर्थ आपण गोष्ट बघितली नाही, फक्त आपली बाजू बघितली.

गेममध्ये ही बाजू सोडवणं आणखी कठीण, कारण बोट आपलं असतं. बॅटल रॉयलमध्ये समोरचा म्हणजे एक नाव आणि थोडा हेल्थ बार. मेला की लॉबीत परत. त्यात वाईट काही नाही, कबड्डीसारखंच आहे. पण टोबी फॉक्सचा २०१५ चा ‘अंडरटेल’ एकदा खेळून बघा. तो साध्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात भेटणाऱ्या राक्षसांना न मारता पुढे जाता येतं: बोलून, हसवून, दया दाखवून. तुम्ही मारत सुटलात तरी गेम अडवत नाही. मात्र ज्याला तुम्ही अनुभवाचे गुण समजून गोळा करत होता, ते खरं काय मोजत होते हे शेवटी सांगतो. सगळ्यांना मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तरी तो विसरत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला तेव्हा मला अभिमान वाटला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पाठीशी दुर्गा, महालांची देखणी चित्रं. तरी एक तक्रार राहिली: त्यातले असुर फक्त मारण्यासाठी आहेत. आपल्या परंपरेत असुर एवढा सोपा कधीच नव्हता. बळी हा असुरच. देवांनी त्याला पाताळात घातलं, आणि आपल्याकडच्या आयाबाया दिवाळीत ओवाळताना इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणतात. ज्या भाषेत हरलेल्या असुराचं राज्य मागितलं जातं, त्या भाषेतल्या गेमने शत्रूला दोन शब्द तरी बोलू द्यावेत.

माझ्या यादीत सगळ्यात वर आहे मियाझाकींचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’, १९९७ चा. लोखंडाची गोळी अंगात रुतून वेडा झालेला रानडुकराचा देव एका गावावर चालून येतो. त्याला मारणारा आशिताका शापित होतो आणि ती गोळी कुठून आली ते शोधत निघतो. सापडतं ते लोखंड वितळवणारं गाव. गावाची मालकीण एबोशी जंगल तोडते, बंदुका बनवते, देवाला मारायला निघते. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात ती चेटकीण झाली असती. इथे मात्र तिने वेश्यावस्तीतून सोडवून आणलेल्या बायका भात्यावर काम करतात, आणि ज्यांच्याजवळ कोणी जात नाही त्या कुष्ठरोग्यांच्या जखमा ती स्वतः धुते. तिला राक्षस म्हणायला जीभ रेटत नाही, आणि जंगल तर डोळ्यांसमोर मरत असतं.

हा सिनेमा मला जपानचा वाटत नाही. शहापूरजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, साठच्या दशकापासून. तिथे स्फोटकं बनतात. भरती निघाली की आयटीआय केलेल्या पोरांच्या घरी देवापुढे नारळ फुटतो. २४ जानेवारी २०२५ ला सकाळी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. नेमक्या त्याच दिवशी जपान आणि भारताने मिळून केलेला रामायणाचा जुना अ‍ॅनिमे देशभर थिएटरात लागला. माझ्या फोनवर एका स्टेटसला धनुष्य ताणलेला राम होता आणि पुढच्याला जवाहरनगरचा धूर. रामाच्या गोष्टीत बाण कोणाला मारायचा हे ठरलेलं आहे. धुराच्या गोष्टीत ते कोणाला सांगता आलं नसतं. पगार ज्या गेटातून येतो, भीतीही त्याच गेटातून येते. त्याला देव म्हणता येत नाही, राक्षसही म्हणता येत नाही. एबोशी मला इतकी ओळखीची का वाटते, ते इथे आहे.

मग कोणी विचारलं की झाडीपट्टीची फँटसी कशी असावी, तर माझ्या डोक्यात एक गेम आहे. तुम्ही पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली बाई. हातात टॉर्च, डोक्यावर टोपली. जंगलात वाघीण आहे, तिचे बछडे आहेत. वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबा आहे, त्याला नमस्कार करूनच आत जायचं. उशिरा निघालात तर फुलं दुसरीने वेचलेली, लवकर निघालात तर अंधार. घरी पोराची फी भरायची आहे. वाघिणीलाही पोट आहे. मारायचं बटन या गेममध्ये नाहीच. रोज परत येणं, एवढीच लेव्हल. आणि एक दिवस तुम्ही वाघीण होऊन खेळायचं. तेव्हा पलीकडून टॉर्चचा उजेड हलत येताना दिसला, की राक्षस कोण ते ज्याने त्याने ठरवावं.

मला कोडिंग येत नाही. ज्याला येतं त्याने ही कल्पना खुशाल घ्यावी. आवाजासाठी मुंबईला जायची गरज नाही. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की आमच्याकडे या. रात्रभर दंडार करून सकाळी त्याच गळ्याने चहा मागणारी माणसं इथे आहेत.