पहिला रानकोंबडा

शिकाऱ्यांच्या सहवासात ज्यांनी थोडेफार दिवस काढले आहेत, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. शिकाऱ्याला त्याची शेवटची शिकार विचारा. तो डोके खाजवील, साल चुकवील, हरणाच्या जागी रानडुक्कर सांगेल. पण पहिली शिकार विचारा! तोंडातला विडा तोंडातच राहतो, डोळे बारीक होतात, आणि त्या दिवशी वारा कोणत्या अंगाने वाहत होता, पायांत वहाणा होत्या की नव्हत्या, आदल्या रात्री घरात कोणती भाजी झाली होती, हे सारे तो जसेच्या तसे सांगू लागतो. आणखी एक नवल असे, की ही पहिली शिकार सहसा वाघाची नसते. वाघ चारचौघांत सांगायला असतो. मनात जपून ठेवलेली पहिली शिकार असते एखाद्या सशाची, नाहीतर तितराची. आणि आमच्या राजुऱ्याकडे विचाराल, तर बहुतेक रानकोंबड्याची.

राजुरा म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडचा मुलूख. बल्लारपूरहून नदी ओलांडली की पूर्वी राज्य बदलत असे. अलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा, पलीकडे निजामाचा आदिलाबाद. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत आमचा तालुका प्रथम नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ साली चांद्यात आला. सरकारे बदलली, तशी चावडीवरची भाषा बदलली. पण घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू आणि डोंगरात गोंडी, असा आमचा चौरंगी संसार पुष्कळ दिवस सुखाने चालू होता. माणिकगडच्या डोंगरापासून विरूर स्टेशनापर्यंत साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूची बेटे. त्या बेटांचा खरा मालक वाघ नव्हे. वाघ येतो आणि जातो. दररोज पहाटे हजेरी देणारा मालक म्हणजे रानकोंबडा.

त्याचेही दोन वंश आहेत. करडा रानकोंबडा दक्षिणेचा आणि पश्चिमेचा. तांबडा उत्तरेचा आणि पूर्वेचा. गोदावरीच्या आसपासच्या या टापूत दोघांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. तांबडा म्हणजे आपल्या खुराड्यातल्या कोंबड्याचा मूळ पुरुष. हुबेहूब गावठी कोंबडाच, फक्त अंगाने सडपातळ आणि मनाने संशयी. करड्याची ऐट मात्र निराळी. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांना पिवळसर, चकचकीत, कडक टिकल्या असतात. जणू कोणी लाखेचे थेंब सांडले आहेत. या टिकल्यांपायीच त्याच्यावर संकट आले. विलायतेतले मासे पकडणारे शौकीन गळाला खोट्या माश्या बांधण्यासाठी ही पिसे मागवीत. आपल्याकडचा पक्षी मरावा आणि इंग्लंडातला मासा फसावा, असा हा व्यापार! पण या करड्याचाही आपल्या घरात वाटा आहे बरे का. कोंबडीच्या पिवळ्या पायांचा रंग तिला करड्या रानकोंबड्याकडून आला, असे शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. म्हणजे आपल्या अंगणात दाणे टिपणारी कोंबडी एका रानाची लेक आणि दुसऱ्या रानाची भाची आहे.

आमच्या घरात शिकारी एकच, माझे थोरले काका. त्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू. त्यांच्या पहिल्या रानकोंबड्याची कथा मी शंभरदा तरी ऐकली असेन. दादा तेव्हा चौदा वर्षांचे. ठासणीची बंदूक आजोबांची. दारू भरायची, चिंध्या ठासायच्या, छर्रे ओतायचे, टोपी चढवायची, आणि एवढे सोपस्कार होईपर्यंत पक्षी थांबेल अशी देवाला प्रार्थना करायची. दोन दिवस नेम हुकला. तिसऱ्या पहाटे ते तुरीच्या धुऱ्यावर पालथे पडून राहिले. रानकोंबडा उजाडताना आणि मावळताना रानाच्या कडेला येतो, गाडीवाटेवर सांडलेले दाणे टिपतो, शेण उकरतो. आधी दोन कोंबड्या आल्या. मग बराच वेळ काहीच नाही. मग तो आला. एक पाय उचलून, मान वाकडी करून उभा राहिला. "माझ्या छातीचा ठोका त्याला ऐकू जाईल, असे मला वाटत होते," दादा म्हणत. बार झाला. धूर निवळेपर्यंत काही दिसेना. दिसले तेव्हा दादा धावत गेले आणि पक्षी उचलताच थबकले. पक्षी अजून ऊन होता. "बंदुकीचा धक्का खांद्याला बसतो, त्याचे काही नाही. हा ऊनपणा हाताला बसतो तो जात नाही," हे त्यांचे वाक्य ठरलेले. घरी आजीने पक्ष्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि "आता पानात टाकायचं नाही हो काही," एवढेच म्हणाली. मारलेस तर वाया घालवू नकोस, एवढा एकच धर्म तिने त्यांना शिकवला आणि दादांनी तो जन्मभर पाळला.

दुसरी कथा हसण्याची आहे. आमच्या गावी एक कंपाउंडर होते. औषधांच्या बाटल्यांवर कागदी खुणा चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता; शिकारीत मात्र ते नवखे. दादांच्या मागे लागून एकदा ते रानात गेले, दूर एका वस्तीच्या कडेला झुडपात त्यांना झुबकेदार शेपटीचा तांबडा कोंबडा दिसला आणि पहिल्याच बारात तो पडला. पक्षी उंच धरून ते ओरडले, "दादासाहेब, लागला!" तोच झुडपाआडून एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कोंबडा तिच्या घरचा होता! पोलीस ॲक्शनला थोडाच काळ लोटला होता. कंपाउंडरांनी खिशातून हाली रुपये काढले. म्हातारी म्हणाली, नव्या सरकारचे पैसे द्या. पुढे आयुष्यभर कंपाउंडर सांगत, की पहिल्या शिकारीत त्यांनी कोंबडाही मारला आणि निजामाचे चलनही. तांबड्या रानकोंबड्यात आणि गावठी कोंबड्यात फरक ओळखावा कसा, याचे पाठ मात्र त्यानंतर त्यांनीच साऱ्या गावाला दिले.

तिसरी कथा मला पुष्कळ उशिरा कळली. डोंगराकडच्या एका पाड्यावरचा गोंड आजा आमच्या घरी मध आणि चारोळी घेऊन येई. एकदा ओसरीवर दादांची कथा रंगात आली असता तो दाराशी बसून ऐकत होता. मी त्याला विचारले, "आजा, तुमचा पहिला कोंबडा कोणता?" तो आधी हसला, मग दादांकडे पाहून गप्प झाला. दादाच म्हणाले, "सांगा ना."

आजाने सांगितले ते असे. त्याच्या बापाकडे एक पाळीव कोंबडा होता, लढाऊ आणि आवाजाचा खणखणीत. पहाटे त्याला बांबूच्या बेटाजवळ पायाला दोरी बांधून ठेवायचे आणि सभोवती बैलाच्या शेपटीच्या केसांचे फासे लावायचे. तो आरवला, की आपल्या राज्यात हा कोण परका शिरला म्हणून रानकोंबडा पिसे फुगवून चाल करून येतो आणि फाशात अडकतो. आठ-नऊ वर्षांच्या आजाने स्वतः वळलेल्या फाशात पहिला कोंबडा सापडला. तो काखेत मारून पोर घराकडे निघाले, तर वाटेत जंगलखात्याचा एक शिपाई भेटला. त्याने रानकोंबडा घेतला, बापाचा पाळीव कोंबडाही घेतला आणि फासे जाळले. "तेवढ्यावर सोडलं, बाबू, आमचं नशीब," आजा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, कोणावर रोख न ठेवता तो म्हणाला, "बंदूकवाल्याची ती शिकार, आन् आमची ती चोरी."

ओसरीवर कोणी बोलले नाही. आमच्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात कोमरम भीम पाणी, जंगल आणि जमीन यांसाठी निजामाशी लढला आणि १९४० साली जोडेघाटला पडला, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या उठावानंतर हैमेनडॉर्फ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ गोंडांत येऊन राहिला आणि त्याने त्यांच्यावर ग्रंथ लिहिले, तेही ऐकून होतो. पण लढा कशासाठी होता, हे मला त्या दिवशी एका कोंबड्यावरून उमगले. एकच पक्षी, एकच रान, एकच वय. एकाच्या वाट्याला कथा आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला ती लपवणे आले. दादांनी त्यानंतर आजासमोर आपली कथा कधीच सांगितली नाही. आजा आला, की ते त्यालाच विचारीत.

मोठ्या जगात पाहावे, तर पहिल्या पक्ष्याचे हे वेड सगळीकडे सारखेच आहे. अमेरिकेत रानकोंबड्याच्या जागी रानटी टर्की. तिकडचा शिकारी पहाटे झाडाला टेकून बसतो, लाकडाच्या लहानशा पेटीचे झाकण घासून मादीचा आवाज काढतो आणि नर येण्याची वाट पाहतो. आमच्या आजाचा पाळीव कोंबडा आणि त्यांची लाकडी पेटी, युक्ती एकच! हा पक्षी आपल्याकडेही फार पूर्वी येऊन गेला आहे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जी अपूर्वाई जहांगीर बादशहाकडे नेली, तीत एक टर्की होता. त्याच्या मानेचे रंग घटकेघटकेला बदलतात, हे पाहून बादशहा थक्क झाला. त्याने त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रही काढवून घेतले. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात. नशीब, बादशहाच्या मुदपाकखान्यात कोणी मराठी आचारी नव्हता; नाहीतर त्याने पेरूची कोशिंबीर करण्यासाठी सुरी घेतली असती!

त्याच टर्कीवर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी अशी पाळी आली, की अनेक राज्यांतून तो पार नाहीसा झाला. मग १९३७ साली तिथे बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. रानातले पक्षी जाळ्यांत धरून रिकाम्या रानांत नेऊन सोडण्यात आले. आज तिथे तो लाखांनी आहे. आपण वाट निराळी धरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि परवान्याच्या ज्या फटी उरल्या होत्या, त्या १९९१ च्या दुरुस्तीने बुजल्या. दादांनी बंदूक १९७२ नंतर पुन्हा रानात नेली नाही. त्याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही. "पाहुण्याने यजमानाची वेळ ओळखावी," एवढेच ते म्हणत.

पण कायदा बंदुकीचा बंदोबस्त करतो. आठवणीचा कसा करणार? १९९५ च्या दिवाळीत माझी पुतणी, म्हणजे दादांची नात, नागपूरहून आली होती. वय बारा-तेरा, शाळेत निसर्गमंडळ. फराळ झाल्यावर दादांची कथा सुरू झाली आणि छातीच्या ठोक्यापर्यंत येते तोच ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे तुम्ही गुन्हा केलात?" घर एकदम शांत झाले. पोरीच्या आईने डोळे वटारले. दादा सत्तरीला आलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. ते रागावले असते, तर पोर गप्प बसली असती. त्यांनी कान धरून माफी मागितली असती, तर सारे हसले असते. दोन्ही झाले नाही. ते म्हणाले, "माय, मारला हे खरं. त्या वेळी ते मना नव्हतं, हेही खरं. या दोन्ही गोष्टी तू एकाच मुठीत धरायला शीक. उद्या पहाटे उठशील?"

दुसऱ्या दिवशी अंधारात आम्ही तिघे निघालो. दादांना दहा पावलांवरचे धड दिसत नव्हते. धुऱ्यावर ते बसले आणि पोरीलाही बसवले. पुष्कळ वेळ नुसते दव टपकत होते. मग बांबूच्या बेटातून तो तुटक, खरखरीत आरव आला. दादांनी बोट केले. "करडा. खाली उतरला नाही अजून, फांदीवरच आहे. आता उत्तर येईल." नाल्यापलीकडून उत्तर आले. "हा तरणा. आता पहिला उतरेल, पण सावलीतनं चालेल." झाले तसेच. पोरीने त्याला पाहिले तेव्हा तिने माझा दंड असा काही दाबला, की बोटांच्या खुणा उठल्या. घरी परतताना तिने विचारले, "आजोबा, हे तुम्हाला कसं कळतं?" दादा म्हणाले, "मारायला शिकलो तेव्हा कळलं. तुला न मारता कळावं, म्हणून सांगतो."

मला वाटते, अशा आठवणींचे भिंतीवरच्या शिंगांसारखे प्रदर्शन मांडू नये आणि आरोपपत्रासारखे वाचनही करू नये. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने १९०८ च्या सुमारास छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्याला कुतूहल वाटले, मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले आणि तिथून भारताला सालिम अली मिळाले. त्यांनी ही गोष्ट दडवली नाही. उलट आपल्या आत्मचरित्राचे नावच त्या चिमणीवरून ठेवले. बंदूक खाली ठेवल्यावर हातात काय उरले, यावर शिकाऱ्याची परीक्षा व्हावी.

आज दादा नाहीत, आजाही नाही. राजुऱ्याच्या आसपास कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. बांबू कागदाच्या गिरणीकडे गेला. २०२० साली राजुरा-विरूरच्या जंगलात माणसांवर हल्ले करणारा वाघ पकडला जाईपर्यंत पहाटे रानाच्या कडेला जायची कोणाची छाती होत नव्हती. फासा लावणारा संपला, बार काढणारा संपला. रानकोंबडा आहे, पण 'आता उत्तर येईल' असे अंधारात सांगू शकणारी माणसे मोजकी उरली. ती पुतणी आता स्वतःच्या लेकीला घेऊन दिवाळीला येते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा आवाज ओसरला, की मायलेकी पहाटेचा गजर लावून निजतात. गेल्या वर्षी पहाटे दार वाजले, तेव्हा मी पांघरुणातून विचारले, "कुठे निघालात गं?" लहानगी उंबऱ्यावरूनच कुजबुजली, "हळू बोला ना, आजोबा. आज माझा पहिला आहे."