साष्टींतील एक मजल

प्रवास म्हणजे आगगाडीचें तिकीट, उतरण्याचें ठिकाण आणि परत आल्यावर सांगावयाची हकीकत, एवढीच आपल्या बहुतेक घरांतील कल्पना असते. मुंबईच्या कांहीं पारशी तरुणांनीं प्रवासाचा याहून निराळा अर्थ करून दाखविला. परंतु मराठी वाचकांस तो वृत्तान्त फारसा ठाऊक नाहीं. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा सभासद १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांची वाट तुडवून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले. पुढें १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी प्रवासवर्णनास पंडित जवाहरलाल नेहरूंनीं प्रस्तावना लिहिली.

या प्रवासांतील बगदाद ते अलेप्पो हा वाळवंटाचा टप्पा ९५६ किलोमीटरांचा. तो त्यांनीं २३ दिवसांत ओलांडला. भागाकार केला तर दर दिवसास सुमारें ४२ किलोमीटर पडतात. हा आंकडा ऐकून आमच्या पुतण्यानें नाक मुरडलें. त्यास मित्रांसह ऱ्हाईन नदीच्या कांठानें सायकलीवर महिनाभर हिंडावयाचें आहे. त्याच्या वडिलांनीं निर्णय मातोश्रींवर सोपविला, आणि मातोश्रींचा रुकार कांहीं मिळेना.

“बेचाळीस म्हणजे कांहींच नव्हे, काका,” तो म्हणाला.

“मग तशी एक मजल येथेंच मारून पाहूं,” आम्ही म्हणालों.

बोरिवली ते मुलुंड हें अंतर सरळ रेषेंत बारा-तेरा किलोमीटरच आहे; पण मध्यें राष्ट्रीय उद्यानाचें शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचें डोंगराळ अरण्य पसरलें आहे. उत्तरेकडून दहिसर, काशीमिरा, घोडबंदर व ठाणें असा वळसा घातला म्हणजे तेंच अंतर सुमारें चाळीस किलोमीटर भरतें. जानेवारींतील एका रविवारीं पहांटे आम्ही दोघे बोरिवलीहून निघालों.

घोडबंदरापर्यंत गप्पागोष्टींत वाट सरली. तेथून पुढें डावीकडे उल्हासची खाडी व उजवीकडे डोंगर लागतो. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली, तोंवर हें बेट पोर्तुगीजांकडे होतें. म्हणजे तीन शतकांमागें आम्ही परमुलखांतच हिंडत होतों म्हणावयाचें!

गायमुखच्या चढणीवर मात्र इतिहास आठवेना. अवजड मालमोटारी कोपर घांसून जात होत्या; खड्डा चुकवावा तर मोटार, मोटार चुकवावी तर खड्डा. पुतण्यानें आपलें सर्व पाणी पहिल्या तासांतच संपविलें होतें. तो मुकाट्यानें उतरून सायकल ढकलूं लागला. चढ संपल्यावर एका टपरीपाशीं बाटली भरून घेतांना तो म्हणाला, “काका, त्यांना वाळवंटांत टपरी कुठली?”

या एका प्रश्नासाठींच आम्हीं ती मजल आंखली होती, असें आतां वाटतें. पायांत बळ असणें निराळें आणि तें दिवसभर पुरवून वापरणें निराळें. दुपारीं मुलुंडास मावशींच्या घरीं पिठलेंभात जेवतांना तो स्वतःशींच म्हणाला, “उद्यां पुन्हां इतकेंच. आणि असे तेवीस दिवस.”

आठवडाभरानें त्यानें मातोश्रींपुढें एक कागद ठेवला. रोजची मजल, मुक्कामाचें गांव, पाण्याची सोय, दर सहा दिवसांनीं विसांवा आणि घरीं फोन करण्याची वेळ, सर्व त्यांत होतें. स्वित्झर्लंडपासून हॉलंडपर्यंत नदीकांठानें सायकलस्वारांसाठीं वाट आंखलेली आहे, हेंही त्यानें नकाशावर दाखविलें. मातोश्रींनीं चष्मा लावून कागद दोनदां वाचला. “म्हणजे घोडबंदरच्या रस्त्याहून ती वाट बरी म्हणायची. मला भीति परदेशाची नव्हती रे, तुझ्या घाईची होती,” एवढेंच त्या बोलल्या, आणि कागद त्यांनीं देवघरांतील पंचांगाखालीं ठेवला.

मुलांस दूर धाडावें कीं नाहीं, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे. नकार देणें सोपें आहे, संमति देणेंही सोपें आहे. त्यापूर्वीं त्यांच्याबरोबर एक मजल चालण्यास मात्र वडील मंडळींनीं सवड काढावी.