निगेटिव्हचा डबा आणि बोरा बाजार

मुंबईला गेलं की आपण बायका दादरला उतरतो, साड्यांची दुकानं पालथी घालतो, जमलं तर सिद्धिविनायकाचं दर्शन घेतो नि परतीची गाडी पकडतो. या खेपेला मी तुम्हांला जरा निराळ्या बाजारात नेणार आहे. मात्र निघण्याआधी माळ्यावरचा तो गंजका बिस्किटांचा डबा खाली काढा. प्रत्येकीच्या घरी असा एक असतोच. त्यात जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह असतील, तर मैत्रिणींनो, हा प्रवास तुमच्यासाठीच आहे.

आम्हां सांगलीकरांना या डब्याची किंमत पुरानं शिकवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं, तेव्हा खालच्या खोलीतलं कपाट अल्बमसकट पाण्याखाली गेलं. फोटोंवरचा थर म्हणजे जिलेटिनच की! भिजून ते एकमेकांना असे चिकटले की सोडवायला जावं तर चेहराच निघून यावा. सासूबाईंनी अल्बम दिवसभर उन्हात ठेवला नि संध्याकाळी काही न बोलता उचलून आत नेला. निगेटिव्हचा डबा मात्र माळ्यावर कोरडा राहिला होता. मामंजींनी आगफाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यानं काढलेले सगळे कृष्णधवल रोल त्यात होते. एका रोलमध्ये बारा फोटो, तेही चौकोनी. कडेला ‘ओर्वो’ असं छापलेलं. त्या काळी पूर्व जर्मनीहून येणारी ही फिल्म आपल्याकडे गावोगावच्या फोटो स्टुडिओत मिळायची.

आधी गावातल्या एका लॅबमध्ये चार निगेटिव्ह देऊन पाहिल्या. फोटो आले ते हिरवट, नि वर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. “आमचं लग्न काय शेवाळात लागलं होतं का गं?” सासूबाई म्हणाल्या. तेव्हा ठरवलं, जिथं हे काम अजून समजून करतात तिथंच जायचं.

सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येतं, आणि रात्री तीच गाडी परतीला मिळते. मुक्कामाचा प्रश्नच नाही. सासूबाई सोबत होत्या, कारण डबा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. गाडीत तो उशाशीच होता. स्टेशनाबाहेर पडल्यावर एकदा मागं वळून बघाच. स्टीव्हन्ससाहेबानं आखलेली नि १८८८ साली पुरी झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा म्हणून मानली जाते, आणि आपण मात्र तिच्या पोटातून नुसतं धावत सुटतो.

स्टेशनसमोर जुन्या फोर्टचा भाग लागतो. इथं एके काळी खरोखरच किल्ल्याची तटबंदी होती, ती १८६० च्या दशकात पाडली. तटाच्या एका वेशीचं नाव ‘बझार गेट’ अजून लोकांच्या तोंडी आहे. त्याच भागात बोरा बाजार ही अरुंद गल्ली आहे. कॅमेरे, भिंगं, ते दुरुस्त करणारे कारागीर यांच्यासाठी ती प्रसिद्ध. दुकानं उशिरा उघडतात नि रविवारी बहुतेक बंद, तेव्हा वार बघून जा. आम्ही वेळ काढायला जवळच पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी खाल्ली. पुऱ्या टम्म होत्या, पण तेल जरा जास्तच, असं सासूबाईंचं मत पडलं.

मग एक जिना चढून आम्ही स्कॅन करणाऱ्याकडे पोचलो. खोली केवढी, तर आपल्या देवघराएवढी! त्या गृहस्थांनी पांढरे सुती हातमोजे घातले, निगेटिव्ह कडेनं धरून उजेडात तिरपी केली. चकचकीत बाजू ती फिल्मची पाठ, मंद दिसते ती चित्राची बाजू. तिला बोट लावायचं नाही, ओलं फडकं तर मुळीच नाही. रबरी फुग्यानं हवा मारायची आणि मऊ ब्रशनं धूळ काढायची.

तुम्ही म्हणाल, आता तर यंत्रच धूळ पुसतं म्हणे. पुसतं, पण रंगीत फिल्मवरची. यंत्र एक अदृश्य किरण सोडतं, तो रंगांतून आरपार जातो नि फक्त धुळीपाशी अडतो, म्हणून धूळ कुठं आहे ते यंत्राला कळतं. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र असतं चांदीच्या कणांचं, आणि चांदी तो किरण अडवते. मग यंत्राला चित्र नि धूळ यांतला फरकच कळत नाही. म्हणून इथं ब्रश धरणारा माणूस शहाणा हवा, आणि ज्या लॅबमध्ये “ते मशीन करतं” असं उत्तर मिळेल तिथून सरळ बाहेर पडावं. आमच्या फोटोंवरची पांढरी रांगोळी अशीच आली होती. निगेटिव्हवरचा कण उजेड अडवतो आणि फोटो सुलटा केला की तिथं पांढरा ठिपका उमटतो.

स्कॅन कितीचा करायचा, हेही विचारून घेतलं. इंचाला २४०० ठिपके. क्लिक थ्रीची चौकोनी निगेटिव्ह बाजूला सुमारे ५६ मिलिमीटर असते, म्हणजे तेवढ्यात सतरा इंची फोटो सहज निघतो. त्याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. त्या कॅमेऱ्याचं भिंगच साधं, ते आणखी बारकावे आणणार कुठून? शिवाय ‘टिफ’ फाइल मागा, सोळा बिटची. तिच्यात करड्या रंगाच्या छटा भरपूर राहतात, म्हणून साडीचे काठ नि केसांची काळोखी वेगळी दिसते. मोबाईलवर पाठवायला छोटी ‘जेपेग’ वेगळी.

हे काम सावकाशीचं. दिवसभरात एक रोलही पुरा होईना, तेव्हा कोणते आधी करायचे ते निवडायची पाळी आली. मला वाटलं, सासूबाई लग्नाचे सांगतील. त्यांनी हरिपूरच्या संगमावरचा सांगितला. त्यात त्या कडेवर माझ्या नणंदेला घेऊन उभ्या आहेत. अल्बममध्ये हा फोटो आडवा होता. स्टुडिओवाले चौकोनी निगेटिव्हवरून लांबट कागदावर फोटो काढत, त्यात वरची-खालची पट्टी कापली जाई. आता पडद्यावर अख्खा चौकोन आला, आणि सासूबाईंच्या पावलांपाशी वाळूत एक सावली दिसली. दोन्ही कोपर बाहेर काढलेली, डोळ्याशी कॅमेरा धरलेली.

“अगं बाई, हे इथं आहेत होय!” सासूबाई म्हणाल्या.

फोटो काढणारे नेहमी मामंजीच. घरच्या फोटोंत ते जवळजवळ कुठंच नाहीत. स्कॅन करणाऱ्या गृहस्थांनी सावलीतला एक ओरखडा पुसू का म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी नको म्हणून सांगितलं. माझा जीव मात्र त्या ओरखड्यात अडकून राहिला.

फोटो तिथंच छापून घेतले. रंगीत फोटोंच्या कागदावर काळा रंग तीन रंग मिसळून तयार होतो. त्यांचं प्रमाण जरा बिघडलं की हिरवट नाहीतर जांभळट झाक येते. म्हणून आधी एक छोटा नमुना काढून तो खिडकीच्या उजेडात बघायचा. ट्यूबलाइटखाली बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. सुती कागदावर शाईनं छापलेला फोटो महाग पडतो, पण भिंतीवर लावायचा असेल तर मी तोच घेईन. फाइलींच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या, एक घरी नि एक नणंदेकडे.

निघताना त्यांनी डब्यातली प्रत्येक पट्टी हुंगून पाहिली. हसू नका. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, मग ती आक्रसते, वाकडी होते. ते थांबवता येत नाही, आणि एकीचा वास शेजारचीलाही लागतो. आमच्या डब्यात एक पट्टी तशी निघाली. ती वेगळ्या पाकिटात घातली. बाकीच्या पट्ट्या प्लास्टिकमधून काढून बिनआम्ली कागदाच्या पाकिटांत ठेवल्या आहेत. माळ्यावर ऊन तापतं, म्हणून डबा आता वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात आहे, आणि वास येणारी पट्टी माझ्या पर्सजवळ. दिवाळीनंतर तिचाच नंबर पहिला.