बिस्किटाच्या गावी लग्नाला

लग्नाच्या कार्डावर निकाहची वेळ छापलेली असते, दावतीची वेळ असते, हॉलचा पत्ता असतो. अडीच वर्षांच्या मुलाची झोपायची वेळ त्यावर कुठेच नसते. पण लहान लेकरे घेऊन लग्नाला निघालेल्या आईचा सगळा दिवस त्या न छापलेल्या वेळेवर चालतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही खेडहून विलेपार्ल्याला लग्नाला गेलो. मुलगी सात वर्षांची, धाकटा अडीच. लग्न माझ्या मोठ्या खालाच्या नातवाचे. ते गावीच करायचे असे आधी ठरत होते. पण खालाचे गुडघे आता साथ देत नाहीत, एवढा प्रवास तिला झेपणार नाही, म्हणून लग्न तिच्याजवळ न्यायचे ठरले. माझी अम्मी लहान असताना नानीचा इंतकाल झाला. अम्मीला वाढवले ते या बहिणीने. माझ्या मुलांनी मात्र तिला मोबाइलच्या पडद्यावरच पाहिले होते. त्यामुळे “मुले लहान आहेत, तू एकटी जाऊन ये” हा घरातल्यांचा सल्ला मला पटला नाही. मुलांनी खालाला भेटावे हेच तर जाण्याचे मोठे कारण होते.

खेडहून मुंबईला दिवसा मांडवी एक्स्प्रेस आहे आणि रात्री तुतारी. दिवसाची गाडी खिडकीत बसायला छान, पण दादरला पोहोचेपर्यंत रात्र होते आणि कंटाळलेली मुले घेऊन पुढची लोकल पकडावी लागते. तुतारीत मुले झोपून जातात आणि सकाळी दादरला उतरतात. शिवाय दादर हे तिचे शेवटचे स्टेशन. सामान, चपला, झोपलेले मूल, सगळे मोजून सावकाश उतरता येते.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी वेगळा बर्थ नको असेल तर अर्धे तिकीट, बर्थ हवा असेल तर मोठ्यांइतकेच पूर्ण. पैसे वाचवायला अर्धे तिकीट काढावे असे वाटते. पण रात्रीच्या प्रवासात एका बर्थवर आई आणि दोन मुले म्हणजे तिघांचीही झोप जाणार. आम्ही मुलीचा बर्थ घेतला. बाकी तयारी साधी होती. दोघांच्या खिशात आमच्या फोन नंबरची चिठ्ठी, तापाचे औषध डॉक्टरांना विचारून मुलांच्या वजनाप्रमाणे, ओआरएसची पाकिटे, आणि लग्नाचे कपडे वेगळ्या पिशवीत. रेल्वेचा १३९ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे दोन नंबर मुलीकडून पाठ करून घेतले होते.

गाडीने खेड सोडले की पुढे नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. रात्री बाहेर अंधारच असतो, बदलतो तो फक्त आवाज. धाकट्याला आधीच सांगून ठेवले, “आता गाडी मोठ्याने गाणार.” तो रडला नाही. मुलांना अचानक काही झाले की भीती वाटते. आधी सांगितले तर बरेच काही सोसते.

प्रवासातल्या नमाजीबद्दल थोडे. आपल्या कोकणातली बहुतेक घरे शाफई, आणि आमचे होणारे व्याही हनफी. दोन्हींत एवढ्या लांबच्या प्रवासात जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकाती दोन होतात. फजर आणि मगरिब आहेत तशाच. शाफई मताप्रमाणे जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्रही पढता येतात. मुक्काम जाण्यायेण्याचे दिवस सोडून चार दिवसांहून कमी असेल तर शाफईंना ही सवलत तिथेही राहते, हनफींना पंधरा दिवसांहून कमी मुक्काम असला तरी चालते. स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिलात तर मात्र पूर्ण चार रकाती. शंका असेल तर निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. कडेवर मूल असलेल्या बाईला या सवलतीची किंमत लगेच कळते.

दादरला मध्य रेल्वेकडून पश्चिम रेल्वेकडे जायला पूल चढावा लागतो. सामान दोघांत वाटून घ्यावे आणि एका मोठ्या माणसाचा एक हात फक्त मुलांसाठी मोकळा ठेवावा. पार्ल्याला जायचे तर स्लो लोकलच धरायची. फास्ट गाड्या बहुधा वांद्र्यानंतर थेट अंधेरीला थांबतात. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ आणि मग विलेपार्ले. मुलीने सहा बोटे मोजली.

तिला पार्ल्याचे नाव आधीपासून माहीत होते, बिस्किटाच्या पुड्यावरून. पार्लेचा कारखाना १९२९ मध्ये इथेच सुरू झाला आणि त्या बिस्किटाला या उपनगराचे नाव मिळाले. खेडच्या दुकानात जे नाव ती रोज पाहते ते एका खऱ्या गावाचे आहे, तिथे स्टेशनही आहे, याचेच तिला नवल. उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “बिस्किटं कुठे बनतात?” कारखाना स्टेशनच्या पूर्वेला होता, २०१६ मध्ये तो बंद झाला. पूर्वी लोकलमध्ये डोळे मिटून बसलेल्या माणसालाही भाजक्या बिस्किटांच्या वासाने पार्ले आल्याचे कळायचे.

पूर्वेचे पार्ले म्हणजे शाळा, नाट्यगृह, १९२३ पासूनचा लोकमान्य सेवा संघ, पु. ल. देशपांडे यांचे पार्ले. आमची वाट पश्चिमेची, इर्ल्याची. एस. व्ही. रोड, बाजाराची गर्दी, मशीद, आणि जवळच कूपर रुग्णालय. खाला राहते ती इमारत तीन मजल्यांची, जुनी, लिफ्ट नसलेली. या भागात विमाने फार खालून जातात, म्हणून इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, आणि उंची वाढवता येत नसल्याने पुष्कळ जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडला आहे. आकाशातल्या त्या नियमाचा अर्थ तिसऱ्या मजल्यावर कळतो. खाला वर्ष वर्ष खाली उतरत नाही.

तिच्या घरात एक गंमत मुलांनी पहिल्या तासातच टिपली. विमान आले की खाला बोलता बोलता थांबते. आवाज विरला की थांबली होती त्याच शब्दापासून पुढे बोलते. धाकटा खिडकीला चिकटून विमाने मोजत होता, आणि प्रत्येक विमानाबरोबर खालाकडे वळून पाहत होता, ती थांबली का ते.

निकाह असरनंतर मशिदीत झाला. साधा, थोडक्यात. मुलगा वडिलांबरोबर गेला आणि दोन्ही मुठींत खजूर घेऊन आला. रात्री हॉलमध्ये जेवण. खालाला खुर्चीत बसवून चार नातवांनी तीन मजले खाली आणले. जिन्यात लोक दारे उघडून सलाम करत होते.

हॉलमध्ये एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तीच सांगायला हा लेख लिहिते आहे. लग्नात सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारे यांना अगदी सारख्याच गोष्टी लागतात. कमी तिखट जेवण, आणि तेही लवकर. जवळ संडास. आवाजापासून दूर एक कोपरा. आडवे व्हायला जागा. नऊ वाजता धाकटा डोळे चोळू लागला, आणि खालाही खुर्चीत अवघडली होती. बिर्याणीची ताटे अजून लागायची होती. आचाऱ्यांकडून साधा भात आणि दही मागून घेतले, दोघांना एकाच ताटातून भरवले, आणि सगळ्यांच्या आधी आम्ही रिक्षाने घरी परतलो. खुर्ची पुन्हा तीन मजले वर गेली.

हॉलमधले फोटो आमच्याविना निघाले. पण त्या रात्री खालाच्या पलंगावर माझी दोन्ही मुले तिच्या दोन बाजूंना झोपली. “तू जाऊन जेव आधी, मी आहे ना यांच्याजवळ,” ती म्हणाली. मुलीने तिला विचारले, आमची नानी लहानपणी कशी होती? खालाने सांगितले. फोनवर असे प्रश्न मुले विचारत नाहीत. शेजारी झोपल्यावर विचारतात.

म्हणून लग्नघरच्या बहिणींना एक विनंती. हॉल ठरवताना शेजारची एक छोटी खोली, दोन गाद्या आणि एक पंखा मागून घ्या. मुलांचे आणि वृद्धांचे ताट मगरिबनंतर लगेच लावा. साऊंडचा मोठा डबा त्यांच्या बाजूला नको. खर्च फार नाही. आणि कुणाचे मूल रडले तर त्या आईकडे वळून पाहू नका. मागे मूल रडताना ऐकून आपले पैगंबर (स.) आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून नमाजसुद्धा आटोपती घेत, ही हदीस बुखारीत आहे. मग आपल्या दावतीचे काय?

आणि जाणाऱ्यांसाठी एवढेच की सगळे कार्यक्रम गाठायचे असे मनात धरू नका. कुणाला भेटायचे आहे ते ठरवा आणि मुलांची ताकद त्या भेटीसाठी राखून ठेवा. आम्ही परतताना मांडवीने दिवसा आलो. दोघेही ताजेतवाने होते, खिडकीची भांडणे खेडपर्यंत चालली.

परवा खालाशी फोनवर बोलत होते. मध्येच ती गप्प झाली. मला वाटले नेटवर्क गेले, मी “हॅलो, हॅलो” करू लागले. मुलीने माझा हात धरला. “थांब अम्मी,” ती म्हणाली, “विमान चाललंय.”