पुढची सीट

फाट्यावर उभं राहिलं की कराडला न्यायला दोनच वाहनं : एस.टी. आणि वडाप. वडाप म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या मुलांना सांगायला नको. बाहेरगावाहून आलेल्या प्राध्यापकांसाठी सांगतो. सात-आठ जणांच्या जीपमध्ये बारा-तेरा जण 'बसतात' आणि ती भरल्याशिवाय जागची हलत नाही, ती वडाप! एस.टी. फाट्यावर थांबते, वडाप मात्र वस्तीपर्यंत आत येते.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला. 'अमृत ज्येष्ठ नागरिक' असं छान नावही मिळालं. आमची आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डोळ्यांचे थेंब आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या यांसाठी महिन्यातून दोनदा कराडला जायची. वडापला जायला तीस, यायला तीस. वर्षाचे चौदाशे चाळीस रुपये होतात, हा हिशोब गेल्या वर्षी मीच घरात मांडला. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पैसं वाचतील रं, पर पाय?" मी हसलो.

त्या दिवशी फाट्यापर्यंत चालत गेलो. गाडी आली, गर्दी होती. मी आधी चढलो आणि "चल की लवकर" म्हणत वरून तिचा हात ओढला. पाय सटकला, नडगी सोलून निघाली. कंडक्टरनं स्वतः खाली उतरून तिला धरलं, जागा करून दिली, शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवलं. त्याचा दोष नव्हता, गाडीचाही नव्हता. घाई माझी होती. आजी वाटेत काही बोलली नाही. तिकिटाची घडी घालून तिनं ती चंचीत ठेवली.

पुढच्या खेपेला म्हणाली, "तूच आण गोळ्या." मी आणल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही आणल्या. घरातल्यांना वाटलं, बरं झालं, म्हातारीची दगदग वाचली. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

तीन महिन्यांनी शनिवार पेठेत आजीची धाकटी बहीण भेटली. तिनं मला रस्त्यातच धरलं. "ताई का येत न्हाई रं? माझ्यावर रागावलीया का?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोळ्या हे निमित्त होतं. गोळ्या झाल्यावर या दोघी प्रीतिसंगमावर जाऊन बसत. समोर कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या अंगावर धावून येतात, आणि ह्या दोघी शेंगा सोलत तासभर माहेरचं बोलत. हिशोब मांडताना तो तास कुठल्या रकान्यात घालायचा, हे मला सुचलंच नव्हतं.

वडापवाल्यानं मात्र विचारलं होतं, "म्हातारी दिसंना कुठं?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जीप आमच्या दारात! पुढच्या सीटवरच्या दोन पोरांना त्यानं मागं पिटाळलं, सीटखालून टोमॅटोचं लाकडी खोकं काढलं आणि पायरीसारखं खाली मांडलं. आजी गडबडली, तर म्हणाला, "दमानं आज्जे. गाडी भरल्याबिगर मी तरी कुठं जातुया?"

मला एवढ्या दिवसांत न कळलेली गोष्ट त्यानं सहज सांगून टाकली. वडापच्या ज्या रेंगाळण्यावर आम्ही कॉलेजची पोरं दात-ओठ खातो, तेच आजीच्या गुडघ्यांना मानवत होतं.

वडापचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. वाटेत थांबून माणसं उचलायचा परवाना या गाड्यांना नसतो. वर्तमानपत्रं त्याला 'अवैध प्रवासी वाहतूक' म्हणतात, ते बरोबरच आहे. मागं लोंबकळणारी माणसं पाहिली की पोटात गोळा येतो. आणि आमच्या शेजारचे काका, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, ते फुकट तिकिटावर दोनदा पंढरपूरला जाऊन आले. त्यांच्या तोंडून एस.टी.ची स्तुती ऐकावी!

कराडला उतरताना त्यानं पुन्हा खोकं मांडलं. आजीनं चंची सोडली. सुपारीबरोबर ते जुनं तिकीट बाहेर आलं. "ह्ये काय वो?" त्यानं विचारलं. "ऱ्हाऊ दे, सरकारनं दिल्यालं हाय," असं म्हणून तिनं ते परत आत ठेवलं, आणि तीन दहाच्या नोटा मोजून त्याच्या हातावर ठेवल्या. नाक्यावर धाकटी बहीण शेंगांची पुडी घेऊन उभी होती.