पिनेवरचे दुसरे वलय

माझ्या टेबलाच्या खणात हातभर लांबीची एक काळी केबल आहे. ती तुटलेली नाही. तरी मी ती पुन्हा कधी वापरणार नाही आणि टाकूनही देणार नाही. तिच्यामुळे मी एका वडीलधाऱ्या माणसाला विनाकारण दोष दिला होता.

ते सांगलीचे. मी त्यांना काका म्हणतो. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा मी त्यांच्याकडे शिकून दिली. मोर्सची टिकटिकही त्यांनीच माझ्या कानात बसविली. पुढे मी मुंबईस आलो. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आमची भेट ठरलेली. पंचाहत्तरी उलटल्यावर काकांचा आवाज क्षीण झाला. पण भेट चुकली नाही.

माझ्या जुन्या संचाचा ऐकण्याचा भाग निकामी झाला, तेव्हा मी सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर बांधावयाचे ठरविले. जेराल्ड यंगब्लड यांनी २००२ मध्ये ‘क्यूईएक्स’ या अमेरिकन नियतकालिकात या विषयावर लेखमाला सुरू केली होती. संगणकातले साउंड कार्डच रेडिओचा भाग व्हावे, ही कल्पना मला फार आवडली. सर्किट जोडण्यात मी महिना घालविला, प्रत्येक डाग भिंगाखाली तपासला. रिसीव्हर आणि लॅपटॉप जोडणारी केबल मात्र घाईने, लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्याच दुकानातून उचलली. साडेतीन मिलिमीटरची पिन खाचेत बसली, एवढे मला पुरेसे वाटले.

पहिल्याच रविवारी काकांच्या आवाजावर कुणाचे तरी उलटसुलट, अनाकलनीय बोलणे चढलेले ऐकू आले. मी फोन करून सांगितले, “काका, तुमच्या सिग्नलमध्ये काहीतरी बिघाड आहे. अँटेना पाहाल का?” नवीन यंत्र माझे होते, तरी जुन्या माणसावर संशय घेणे मला सोपे वाटले. आठवडाभराने कळले, की काका काठी टेकत गच्चीवर गेले होते आणि दोन दिवस अँटेनाचे जोड घासूनपुसून पाहत होते. त्यांना दोष सापडला नाही. सापडणार तरी कसा?

तो मला सापडला पडद्यावर. प्रत्येक केंद्राची रेघ दोनदा उमटत होती: एकदा आपल्या जागी आणि एकदा मध्यरेषेच्या पलीकडे, आरशात दिसावी तशी. असा रिसीव्हर आलेल्या लहरीच्या दोन प्रती संगणकाकडे पाठवितो. दोन्ही जवळजवळ सारख्याच. फक्त एक दुसरीच्या पाव आवर्तन मागे. केंद्र मध्याच्या उजवीकडे आहे की डावीकडे, हे संगणकाला त्या पाव आवर्तनावरूनच कळते. एक प्रत हरवली, की त्याला डावेउजवे उरत नाही. उजवीकडच्या एका प्रबळ केंद्राचे प्रतिबिंब नेमके डावीकडच्या काकांवर पडत होते आणि प्रतिबिंबात आवाजही उलटा होत असल्यामुळे त्यातला शब्द लागत नव्हता.

मी केबल उपसून पाहिली. पिनेवर एकच काळे वलय होते. म्हणजे ती मोनो. तिच्यात एकाच प्रतीला वाट होती. स्टिरिओ पिनेवर अशी दोन वलये असतात. मग स्टिरिओ केबल आणली, तरी प्रतिबिंब जाईना. लॅपटॉपची खाच हेडसेटसाठी होती. तिच्यावर चार संपर्कांची पिन चालते, पण त्यांतला माइकसाठीचा संपर्क एकच असतो. शेवटी स्टिरिओ लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड घेतले, तेव्हा दुसरी प्रत पोहोचली आणि पडद्यावरच्या जोडरेघांतली एक जवळजवळ विरून गेली.

आता उरली पडद्याच्या मधोमध एक जाड घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढला, की ती नाहीशी होई. चार्जर आणि रिसीव्हरचा वीजपुरवठा यांच्या अर्थिंगचे वर्तुळ या केबलच्या जाळीतून पूर्ण होत होते आणि घरातल्या विजेचे पन्नास हर्ट्झ त्या वाटेने आत शिरत होते. तीनपिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला एकाने दिला; तो जिवावर बेतणारा असल्यामुळे मी मानला नाही. दोन्ही वाटांवर एकाच जातीचे छोटे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविले. वेगवेगळ्या जातीचे बसविले असते, तर दोन प्रतींमधले ते पाव आवर्तनच बिघडले असते. घरघर थांबली.

पुढच्या रविवारी काकांचा आवाज आला. क्षीण, पण अगदी स्वच्छ. मी सगळे कबूल केले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, बरे झाले. त्या निमित्ताने अँटेना तरी साफ झाली.” त्यांनी मला एका शब्दाने टोकले नाही, म्हणूनच ते अधिक लागले.

ती काळी केबल तेव्हापासून खणात आहे. अजूनही कुणाचा आवाज अस्पष्ट आला, की फोन उचलण्यापूर्वी मी खण उघडतो, तिच्या पिनेवरचे एकुलते वलय पाहतो आणि आधी माझ्याकडच्या जोडण्या तपासतो.