उणे बत्तीस हजार

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला आणि मला प्रथम वसतिगृहातील धान्याची खतावणी आठवली. आंधळगावातील कोसा विणणाऱ्या घरातून मी या वसतिगृहात आलो होतो. पुढे नागपूरला संगणकाचे शिक्षण घेत असताना, शाळेला मिळालेल्या जुन्या संगणकावर भोजनगृहाचा हिशेब बसवून देण्याचे मी गृहपाल गुरुजींना कबूल केले.

त्या काळी आमच्यासाठी सी शिकणे म्हणजे बोरलँडचा टर्बो सी शिकणे होते. हातात नागपूरच्याच यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ आणि समोर ती निळी पाटी. कंट्रोलसह एफ-९ दाबताच उत्तर हजर! १९८७ साली टर्बो सी आला, त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने क्विक सी बाजारात उतरवला. परंतु ती स्पर्धा आमच्यापर्यंत पोचलीच नाही. मित्राकडून फ्लॉपीवर जो मिळाला, तोच आमचा कंपायलर.

हिशेब काही काळ उत्तम चालला. मग एका संध्याकाळी ३२,७८० रुपयांच्या जागी पडद्यावर उणे ३२,७५६ उमटले. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “म्हणजे आता दुकानदारच आपले देणे लागतो काय रे?”

टर्बोमधील ‘इंट’ १६ बिटांचा असतो. ३२,७६७ ची मर्यादा ओलांडली की संख्या ऋण बाजूस उलटते. ३२,७८० मधून ६५,५३६ वजा केले की नेमके तेच उत्तर येते. दोष टर्बोचा नव्हता. ‘लाँग’ लिहिले असते तर भागले असते, कारण सी भाषेचे प्रमाणही ‘इंट’ला किमान १६ बिटांचीच हमी देते. हे मला ठाऊक असायला हवे होते. पण चूक शोधताना गुरुजींनी सहज दुसरे विचारले, “ही फ्लॉपी विकत घेतलीस, की ज्याची आहे त्याने दिली?” मला उत्तर देता आले नाही. त्या सभागृहात मी वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी काय म्हणत आलो होतो, ते त्यांना सांगावे लागले नाही.

मग मी डीजेजीपीपी आणला. रिचर्ड स्टॉलमन यांनी आरंभलेल्या जीसीसीचे, डीजे डेलोरी यांनी डॉससाठी घडवलेले हे रूप. त्याची प्रत करण्याची मुभा परवान्यातच दिलेली होती. ‘इंट’ ३२ बिटांचा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत निश्चिंती. मात्र तो मंद चाले, जागाही बरीच खाई. ‘व्हॉइड मेन’ लिहिले की इशारा देई. तो मला आरंभी खडूस मास्तरासारखा वाटला, पुढे आवडू लागला. टर्बोची चपळाई मात्र आजही आठवते, हे लपवत नाही.

नव्या कंपायलरवरचा हिशेब मी सुट्टी संपण्यापूर्वी गुरुजींच्या स्वाधीन केला. त्यांनी तो आनंदाने वापरला. कागदावरची खतावणीही निवृत्तीपर्यंत रोज लिहिली, आणि दर महिन्याच्या अखेरीस दोन्ही बेरजा शेजारी ठेवून पाहिल्या.